सगळे घरी आल्यावरच ‘शेवटी’

या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळेचे मुख्याध्यापक पेल्टियरसाहेब, व्यासपीठावर बसलेले बचाव पथकाचे प्रमुख वॉल्ट, आज ज्यांच्या निरोपासाठी आपण कामं टाकून आलो त्या आपल्या ट्रेम्बाथबाई, आणि मागच्या रांगेत खिमा-बटाटा भरलेल्या पेस्टीच्या ताटांवर डोळा ठेवून बसलेले माझे सर्व गावकरी. तुम्हा सर्वांना ऐली लाहटीचा नमस्कार. बोलायला खरं तर आमचा रूडी येणार होता. पण माणूस बर्फावर जितका बहाद्दर तितकाच माईकसमोर भित्रा, म्हणून त्यानं बायकोला पुढं केलं. तो बघा, खांबाआड बसलाय.

बाईंनी या हॉलमधल्या निम्म्या लोकांना शिकवलंय. मलाही. दर हिवाळ्यात सहावीच्या वर्गात जीव वाचवण्याची गोष्ट लिहायची, हे या गावात ठरलेलंच. कुणी वादळात सापडायचं, कुणामागं अस्वल लागायचं. आणि वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी. तिला चिमट्यांनी लटकवलेले शब्द: आधी, मग, तेवढ्यात, तोपर्यंत, त्यानंतर. गोष्ट वाचताना ज्याचा क्रम चुकला त्यानं उठून चिमटे बदलायचे. माझ्या लेकीच्या गोष्टीत अस्वल पळून गेलं आणि मग आलं. बाई म्हणाल्या, “काइसा, हे अस्वल तुझ्यापेक्षा घाईत दिसतंय.” पोरगी आज नर्स झालीय, अजून त्या अस्वलावरून चिडते.

‘अचानक’ हा शब्द तर बाईंच्या वर्गात चालतच नसे. कुणी लिहिला की विचारायच्या, “अचानक कसं? आधी वारा फिरला असेल. मग बर्फ कुरकुरला असेल. तोपर्यंत तुमचं लक्ष कुठं होतं?” आणि दुसरा नियम ‘शेवटी’चा. गोष्टीतली सगळी माणसं घरी आल्याशिवाय तो चिमटा दोरीला लावायचा नाही. आम्ही पोरं मनातल्या मनात हसायचो. शब्दांचं एवढं काय घेऊन बसायचं, असं वाटायचं.

आता या गावाची एक खोड तुम्हाला मी सांगायला नको. आपण देवळात खरं बोलतो, कोर्टात बोलतो, पण मासे कुठं लागतात हे सख्ख्या भावालाही खरं सांगत नाही. बरोबर ना वॉल्ट? मान हलवू नकोस, तुझंही ठाऊक आहे मला. आणि या बाबतीत आमचा रूडी म्हणजे सगळ्यांचा बाप. त्यानं बर्फाला भोक पाडून मासे धरायची आपली लाकडी खोपटी उत्तरेच्या धक्क्यापुढं गोठलेल्या सरोवरावर उभी केलेली, सगळ्यांना दिसेल अशी. पहाटे गाडी तिकडं न्यायची, गळाच्या आमिषाच्या दुकानात कॉफी प्यायची, उत्तरेला यंदा काय मासे आहेत म्हणून मोठ्यानं सांगायचं. आणि लोक पांगले की गुपचूप गाडी वळवून दुसरीकडंच जायचं. कुठं, ते मलाही सांगत नसे. म्हणे, तुझ्या पोटात काही राहत नाही. घ्या.

रूडी हरवला त्या दिवशी सकाळी वारा फिरला. जमिनीकडून सुटला आणि सरोवरावरचा बर्फ काठापासून तुटून आत सरकायला लागला. उत्तरेच्या धक्क्यावरनं लोकांनी पाहिलं, एक भलीमोठी लादी चाललीय आणि तिच्यावर आमची खोपटी. वॉल्टच्या पथकानं बर्फावर आणि पाण्यावर दोन्हीकडं चालणारी पंख्याची बोट काढली. मला इथं, याच हॉलमध्ये आणून बसवलं. बायका कॉफी करत होत्या. मी हात चोळत होते.

पथक परत आलं. वॉल्टनं टोपी काढली. खोपटी रिकामी होती, आणि तिच्या कडेनं लादी फुटलेली होती. रूडी पाण्यात गेला, असंच सगळ्यांनी धरलं.

माझं डोकं फिरलं. मी बडबडत सुटले. रूडीनं थर्मास नेला, मी भांडी घासत होते, कुत्रं भुंकलं, शाळेची बस गेली, त्यानं हॉर्न वाजवला. सगळं उलटंपालटं, दोरीवरनं पडलेल्या चिमट्यांसारखं. आणि म्हणाले, “शेवटी त्यानं हॉर्न वाजवला आणि मी बाहेरसुद्धा आले नाही.”

बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, “ऐली, ‘शेवटी’ म्हणायचं नाही. तो अजून घरी आलेला नाही.”

मला राग आला हो. नवरा बुडाला आणि ही बाई माझं लिखाण तपासतेय. मी म्हटलं, “बाई, मी आता सहावीत नाही.”

“ठाऊक आहे. तरी आधीपासून सांग. तो निघाला तेव्हा तू काय करत होतीस?”

“झोपले होते. दार वाजलं तेवढं कळलं.”

“मग?”

“मग उठले. नाश्ता केला. बस गेली.”

“भांडी कधी घासलीस?”

“त्यानंतर.”

“आणि हॉर्न?”

“भांडी घासताना.”

बाई पुढं वाकल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, “तू झोपेत असताना जो गेला, त्यानं तू भांडी घासत असताना हॉर्न कसा वाजवला?”

आमचं घर दक्षिणेच्या रस्त्यावर. उत्तरेला जाणारा माणूस तिथून जातच नाही. म्हणजे रूडी उत्तरेहून परत फिरला होता आणि घरावरून दक्षिणेला गेला होता. साऱ्या गावाला चकवलं लबाडानं, पण घरावरून जाताना बायकोसाठी हॉर्न वाजवल्याशिवाय काही त्याला राहवलं नाही. वॉल्टनं टोपी घातली. दक्षिणेला जुन्या लाकूडगिरणीशिवाय गाडी लपवायला जागाच नाही. गिरणीच्या शेडमागं गाडी सापडली, आणि तिच्यासमोर, दूर आत, दुसऱ्या एका लादीवर उलट्या बादलीवर बसलेला आमचा रूडी. ओठ निळे पडलेले. बोटीत ओढून घेतल्यावर पहिलं वाक्य काय बोलला असेल? “वॉल्ट, ही जागा कुणाला सांगू नकोस.”

हसा, हसा. मी तेव्हा हसले नव्हते. त्याला ब्लँकेटात गुंडाळून आणला, मी त्याला आधी एक लगावली, मग मिठी मारली. क्रम बरोबर सांगतेय ना, बाई?

त्यानंतर आपल्या गावात एक नवी रीत पडली. बर्फावर जाणारा प्रत्येक जण बाईंना फोन करतो: आधी इथं दिसेन, मग खरा तिथं असेन. साऱ्या गावाच्या खऱ्या जागा ठाऊक असलेली ही एकच बाई, आणि तिला मासे आवडत नाहीत, ही देवाची कृपा. घरी परतलं की पुन्हा फोन करायचा आणि एकच शब्द सांगायचा: “शेवटी.” पलीकडून बाई “बरं” म्हणतात आणि फोन ठेवतात. माझ्या घरात संध्याकाळी तो शब्द ऐकू आला की मी चुलीवर भांडं ठेवते. त्यापेक्षा जास्त सुख मला कधी लागलं नाही, हे मी सगळ्यांदेखत सांगते.

आता बाई आपल्या बहिणीकडे चालल्यात, ॲरिझोनाला. तिथं बर्फ म्हणे सरबतातच असतो. रूडीनं त्यांचा नवा नंबर आधीच पाठ केलाय, तेव्हा बाई, सुटका झाली असं समजू नका.

मला बोलायला बोलावलंत, शांतपणे ऐकलंत, पेस्टी थंड होऊ दिल्यात, त्याबद्दल सर्वांचे आभार. पुढचं मागं झालं असेल, कुणाची जागा चुकून उघडी पडली असेल, तर पोटात घाला.

आणि बाई, मुख्याध्यापकसाहेबांनी मला कागदावर लिहून दिलं होतं, की भाषणाच्या शेवटी ‘शेवटी’ म्हणून तुम्हाला निरोप द्यायचा. मी तो शब्द खोडला. तुम्ही तिकडं पोचलात की फोन करा आणि ‘त्यानंतर’ म्हणा. ‘शेवटी’ म्हणायला मात्र इकडं घरी यावं लागेल. आम्ही वाट बघतोय.