शेऱ्याचा रकाना

नाही नाही, ती ओळ चुकीची नाहीये — राहू द्या तशीच. एकेचाळीस हजार नावं बिनतक्रार जुळली आणि तुम्ही एकीवर अडून बसलात? बसा खुर्चीत, पुन्हा सांगते, म्हणजे तुमच्या कंपनीला कळवायला बरं. आमच्याकडे गिऱ्हाइकांच्या याद्या तीन — दुकानांची वेगळी, वेबसाइटची वेगळी, फोनवरच्या मदत-विभागाची वेगळी — एक ना धड, भाराभर चिंध्या! आणि मेल पाठवणारी जुनी सिस्टिम जोडलेली फक्त वेबसाइटला. आपण विकतो बाळाचे कपडे, पाळणे, बाटल्या. बाईनं एकदा नाव आणि बाळंतपणाची तारीख दिली की दर महिन्याला तिला मेल — बाळ आता मान धरेल, आता पालथं पडेल, आता दात येतील, ही घ्या वीस टक्के सूट. आणि जिचं बाळ राहिलंच नाही तिनं काय करायचं? ती बिचारी दुकानात जाऊन सांगते, मेल बंद करा. दुकानातली बाई हळहळते, 'थांबवा'वर खूण करते — आणि पुढच्या महिन्यात मेल हजर. का? तर खूण दुकानाच्या यादीत आणि मेल जातो वेबसाइटच्या यादीवरून. एकीनं मला फोनवर विचारलं होतं, तो गेला हे तुम्हाला किती वेळा सांगू? काय बोलणार मी? सिस्टिम जोडलेली नाही, असं?

म्हणून तर दोन वर्षं साहेबांच्या कानीकपाळी ओरडले, तेव्हा कुठे तुमची ही तिन्ही याद्यांना जोडणारी सिस्टिम आली. आणि नियम मीच लिहिलाय, पहिल्याच पानावर — कुठल्याही एका यादीत 'थांबवा' असेल तर तिन्हीत थांबवा. अपवाद नाही.

हो, कळलं हो मला, तुम्ही तेच विचारताय. दोन याद्यांत 'थांबवा', आणि वेबसाइटवर मात्र चालू — नुसतं चालू नाही, कुणी बदलू नये म्हणून वर कुलूप घातलंय. कुणी घातलं? मीच. माझीच ओळ आहे ती. माहेरचं आडनाव आहे, म्हणून तुम्हाला कळलं नाही.

अहो, उठू नका. पाणीबिणी नको. सगळ्या ऑफिसला माहीत आहे, तुम्हीच नवे. तारखेच्या अकरा दिवस आधी पोटातच हलायची थांबली. मुलगी होती. मेल थांबवणं माझ्याच हातात, एक खूण करायची — नाही केली. दर चौदा तारखेला सकाळी नऊला येतो. त्यातला शब्द न् शब्द मी लिहिलाय, मला त्यात नवं काय असणार? पण लिहिणं वेगळं आणि येणं वेगळं. तो येतो आणि सांगतो, आता ती बसायला लागली. दुसरीकडे कुठेच ती बसत नाही हो. घरात विषय निघत नाही. पाळणा जावेनं परस्पर दुकानात परत नेऊन दिला — दुकानाच्या यादीतली खूण त्यामुळेच. आणि नवरा — वर्ष होत आलं, तोंडातून ब्र नाही, डोळ्यांत टिपूस नाही. जेवतो, कामाला जातो, टीव्ही लावतो. एकदा न राहवून म्हटलं मी त्याला, तू दगड आहेस. तर म्हणाला, "हो." एवढंच, आणि उठून भांडी घासायला गेला. त्या दिवसापासून मी दुसऱ्या खोलीत झोपते.

मदत-विभागाच्या यादीतली खूण ना? तीही जावेनंच करायला लावली असेल, दुसरं कोण. नाही? शेरा लिहिलाय? दाखवा. थांबा, मोठ्यानं नका वाचू — मी वाचते. चष्मा कुठे — हं.

"पतीचा फोन. पत्नीला मेल पाठवू नयेत, तिला सोसणार नाही. बाळाचं नाव आपणहून सांगितलं. पुढे बोलता येईना. वीस मिनिटं रडत होते. पत्नीला कळवू नये, अशी विनंती."

आणि खाली नाव लिहिलंय तिचं. हे नाव — हे मी एकदाच म्हटलं होतं, सातव्या महिन्यात, सहज, कपड्यांच्या घड्या करताना. तेव्हा हा म्हणाला होता, काहीतरीच काय. तारीख बघा ना कितीची आहे. मला दिसत नाहीये नीट. — म्हणजे मी त्याला दगड म्हटलं त्याच्या आधी चार महिने. आणि तरी तो "हो" म्हणाला. माझ्या डोळ्यांदेखत वर्षभर हे ओझं एकटा वागवत होता आणि मी — काय बोलले मी त्याला.

नको. माझी ओळ नियमातून वगळू नका. येत्या गुरुवारी वर्षाचा मेल यायचा होता, पहिल्या पावलाचा — राहू दे, पाठ आहे मला. माझ्यासाठी एक कुलूप ठेवलं तर त्या फोनवरच्या बाईला कुठल्या तोंडानं सांगू अपवाद नाही म्हणून? हे बघा, काढलं कुलूप.

आणि शेरे नव्या सिस्टिममध्ये येत नाहीत, फक्त खुणा येतात — माहितीये. तेही मीच ठरवलं होतं, कुणाची दुःखं कशाला वाहून न्यायची म्हणून. एक कागद द्या मला. नाही, तुम्ही नका लिहू. हा शेरा मीच उतरवून घेते.

हं. दाबा आता.

झालं? तिन्हीत? बरं. तुम्ही या आता. जाताना दार ओढून घ्या.