हरलेल्याचं मुंडन

शेलूबाजारच्या थांब्यावर रत्नमाला कारंजाच्या गाडीची वाट पाहत बसली होती. बाकाच्या पलीकडच्या टोकाला एक दांडगा पोरगा होता. वाऱ्यानं त्याच्या डोक्यावरचा दुपट्टा सरकला. डोकं ताजं भादरलेलं. शेजारची म्हातारी हळहळली.

“कवा गेला रे बाप?”

“नाही गेले आजी. बाबा घरीच हायेत.”

“मंग हे कायले?”

“जत्रेतली कुस्ती हारलो. जो हारन त्याचं मुंडन, अशी पैज होती.”

“मोठी कुस्ती झाली असन.”

“कायची मोठी! दोन गावं जमली होती पाहाले. हात मिळवला अन् माह्या पोटरीत गोळा आला. खाली बसलो, त त्यानं नुसतं लोटलं. लोकायनं टाळ्या बी नाही वाजवल्या, उठून गेले.”

“अशा कुस्तीत कोनी केस देते का रे?”

“तो बी म्हने, राहू दे. मीच म्हटलं, बोलाव न्हाव्याले. शब्द बाबायनं देल्ता.”

“रागावतीन?”

“रागावले त बरं. दोन वर्सं झाले, साखरेनं डोळे गेले त्यायचे. माहीच वाट पाहून राह्यले असतीन.”

“दिसत नाही ना? मंग जितलो म्हून सांग लेका.”

“तेच ठरवलं होतं.”

कारंजाची गाडी लागली. म्हातारी पिशवी घेऊन उठली, रत्नमालाही उठली.

“चाल ना रे. बसला कायले?”

“घरात गेलो का बाबा पैले जवळ बोलावतेत, आजी. अन् डोक्यावरून हात फिरवतेत.”