मशीद बंदरचा समुद्र

चन्नम्मा: समुद्र म्होरंच हाय म्हणता, अन् पुन्हा त्याच तेलाच्या दुकानापाशी आणता.

वीरप्पा: हे दुसरं दुकान हाय.

चन्नम्मा: मांजर तेच हाय.

वीरप्पा: अगं, आधी मशीद सापडू दे. मुंबईत ह्या भागाचं नावच मशीद बंदर. मशिदीपाशी बंदर, बंदरापाशी समुद्र. सगळी जिंदगी उस्मानाबादच्या अदालतीत पेशकारी केली, मला एक मशीद सापडणार न्हाय?

चन्नम्मा: बोहऱ्याला इचारलं, त्यो हसला. पारशाला इचारलं, त्यानं घड्याळ काढून टैम सांगितला. तुमची अदालतीतली उर्दू हितं कुणाला कळंना. मराठीत इचारा की.

वीरप्पा: बंदरावर मराठी कोण बोलणार?

रिबकाबाई: मी बोलते. मघापासून दारातनं बघते, फेऱ्या मारताय. काय शोधताय?

चन्नम्मा: बाई, आमी निजामाच्या मुलखातून आलाव. ह्यांना वजिफा लागला. नोकरी संपली की तुला समुद्र दाखवतो म्हणलेले. आता समुद्र ऱ्हायला बाजूला, मशीद हुडकतेत.

रिबकाबाई: मग सापडली की. ती समोरची. आमची मशीद.

वीरप्पा: तिला मिनार न्हाय.

रिबकाबाई: कसा असंल? आम्ही यहुदी, आमच्या प्रार्थनेच्या जागेलाबी मशीदच म्हणतात. शनवार पाळायचो, तेलाचा घाणा बंद ठेवायचो, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. बंदराला नाव पडलं ते आमच्या मशिदीवरनं.

वीरप्पा: यहुदी? अन् नऊवारीत?

रिबकाबाई: बाप अलिबागचा, आजा अलिबागचा. मी काय नेसू, झगा? पण समुद्र आज नाय दिसायचा तुम्हाला. लढाई चाललीय, गोदीच्या दारावर गोरे शिपाई हायत. कुणाला सोडत नाय.

वीरप्पा: मी दरखास्त देतो.

चन्नम्मा: कुणाला, समुद्राला? म्या बसते हितंच. पाय उचलंना झालेत.

रिबकाबाई: रस्त्यावर नको बाय. आत ये, पाणी पी. गच्चीवरनं थोडा दिसतो, तो बघ.

वीरप्पा: अगं, जरा इकडं ये. आपण लिंगवंत. दुसऱ्याच्या हातचं पाणी आपल्यात चालतंय का?

चन्नम्मा: बाई, आत जाताना चौकटीवरच्या डबीला बोटं लावून तुमी ओठाला का लावली?

रिबकाबाई: देवाचं वचन हाय तिच्यात. जाता-येता हात लावायचा.

चन्नम्मा: माझाबी देव डबीतच हाय. ही बघा, चांदीची, गळ्यात. आणा बाई पाणी. ह्यांचं ह्यांनी ठरवावं.

(गच्चीवर.)

रिबकाबाई: तिकडं बघ. डोलकाठ्यांच्या मधनं.

वीरप्पा: हां, तर हा जो नजरेस पडतोय, तो दरअसल खाडीचा हिस्सा हाय. असली समुद्र म्हणशील तर—

चन्नम्मा: गप बसा जरा.

रिबकाबाई: बाय, रडतेस काय?

चन्नम्मा: न्हाय. चैतात वखरून ठेवलेलं आमचं काळं रान असंच दिसतंय, पार आभाळापतोर. पण रान हालत न्हाय.

वीरप्पा: झालं ना बघून? चल, उतरू.

चन्नम्मा: तुमी उतरा. म्या बसते.

रिबकाबाई: बस, बस. दोघींपुरता चहा टाकते.

वीरप्पा: बाई... माझ्यात साखर जरा कमी घाला.