बिनधक्क्याचा रस्ता

चीनमधल्या हार्बिन शहरात पारा उणे तिसावर होता. आपण बनवलेल्या नव्या डांबराची ही पहिलीच थंडी, म्हणून इंजिनिअर तोंग युलान जीव मुठीत धरून मुद्दाम बसने निघाली होती. पुढच्या बाकावरचे आंधळे कुइ आजोबा अचानक ड्रायव्हरवर उखडले.

"माझा थांबा गेला की काय रे?"

"केव्हाच! डोळा लागला वाटतं, आजोबा?"

"डोळा कसला! धक्के मोजत होतो. दर हिवाळ्यात रस्ता तडकतो, भेगांवर बस आदळते, त्यावरून मला थांबा कळतो. आज एकही धक्का नाही!"

"नवा रस्ता आहे. थंडीत तडकतच नाही."

"कुणी केला?"

"कुणी बाई आहे म्हणे."

"पोरगी हुशार आहे हो! पण माझ्या थांब्यापाशी एक तरी भेग ठेवायची की!"

युलान उठली.

"चला आजोबा, मी सोडते. चूक माझीच आहे."