कोरड्या विटा

मुकादमीण: हात लावू नका त्या विटेला, साहेब! सूनबाई, थापी खाली ठेव.

फिल्मवाला: अहो मावशी, कॅमेरा चालू आहे! किती छान चाललं होतं! शनिवारी थिएटरांत लागायचीय ही फिल्म. लढाईमुळे हे बॉम्बपासूनचे आसरे बांधायला माणसं मिळेनात. तुम्हाला बघून येतील.

मुकादमीण: येऊ देत की. पण मी सळया मोजायला गेले, तेवढ्यात पिंपात भिजायला घातलेल्या विटा बाहेर कुणी काढल्या?

फिल्मवाला: मीच काढायला लावल्या. ओली वीट चित्रात काळपट दिसते. कोरडी कशी उजळ दिसते!

सून: मी सांगत होते, आत्याबाई. हे साहेब म्हणाले, चार थरांनी काय बिघडतंय.

मुकादमीण: काय बिघडतंय? कोरडी वीट म्हणजे तहानलेली म्हैस. मालातलं सगळं पाणी पिऊन बसते. मग सिमेंट धरणार काय, कपाळ? बॉम्बचा हादरा बसला की आसऱ्याला आलेल्यांच्या डोक्यावर ही भिंत.

फिल्मवाला: बरं, नंतर हवं तर पाडा. आधी भिंतीला हात लावून तेवढं एक वाक्य म्हणा, ‘ही भिंत माझ्या लेकराबाळांना राखील.’

मुकादमीण: ह्या भिंतीला हात लावून? भोंगा वाजला की माझी नातवंडं इथंच येऊन बसायचीत, साहेब. मला सही येत नाही, अंगठा उठवते. पण तीस वर्षांत माझ्या हाताखालची एक भिंत कलली नाही. आता खोटीपुढं उभी राहून दात काढू?

फिल्मवाला: तुमचा मुलगा आघाडीवर आहे ना? त्याच्या छावणीतही दाखवणार आहोत. आईला बघेल तो.

(मुकादमीण वरच्या थरातली एक वीट उपटून हातात घेते.)

मुकादमीण: तोही गवंडीच आहे. आधी विटा बघेल, मग आई. सूनबाई, माल ओला आहे तोवर उतरव थर.

सून: चारही?

मुकादमीण: मग काय, दोन नवसाला ठेवतेस? चारही. विटा घासून पिंपात टाक. बुडबुडे थांबेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. साहेबांनीसुद्धा.

फिल्मवाला: अहो, थांबा! कॅमेरा अजून चालूच आहे! आपलीच माणसं आपली भिंत पाडताना दिसली, तर लोक काय म्हणतील?

मुकादमीण: म्हणतील, इथं बसायला हरकत नाही.