खिडकीतली कुंडी

“‘पोरांनो, खत घालू नका रे त्या रोपाला, जळेल ते! मातीखालच्या फुग्यांत किडे धरून ते आपलं पोट आपण भरतं.’ लहानपणी बाबा असे ओरडायचे, आठवतं?”

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बहीण-भाऊ बसले होते.

“आठवतं, ताई.”

“डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या. फार तर आठवडा.”

“हं.”

“खाटेवरून कुंडी दिसायला हवी त्यांना. खिडकीत ठेवलीस ना?”

“ठेवलीय.”

“तू रोज सांगायचास, आज दोन फुलं, आज चार, इवली इवली निळी. तेवढं ऐकून दोन घास जायचे बघ पोटात. नर्सला म्हणाले, माझा लेक माळी झाला. जन्मात पहिल्यांदा तुझं कौतुक!”

“गाडी जरा उशिरा बोलावू या का?”

“का रे? सकाळपासून चपला घालून बसलेत ते. नुसतं घर घर चाललंय.”

“ताई, फुलं आलीच नाहीत गं.”

“म्हणजे?”

“त्यांच्या डोळ्यांदेखत फुलावं म्हणून पहिल्याच आठवड्यात मी खत घातलं. कुंडीत नुसती माती आहे.”