गेनूच्या दोन सरू

आईच्या वारसनोंदीसाठी मी भोरच्या कचेरीत बाकावर बसले होते. शेजारी हिर्डोशीची एक म्हातारी होती आणि तिची नात. नातीच्या हातात वंशावळीसाठी काढलेली गावच्या जुन्या मृत्यूनोंदीची नक्कल होती.

“आजी, सापडलं! एक्कावन्न साल. बाळंतपणात मयत. सरू, नवरा गेनू. पण हे चुकलंय.”

“का गं?”

“सरू तर तुझी सावत्र आई. माझ्या बारशाला होती म्हणतेस. तुझ्या आईच्या जागी तिचं नाव कसं?”

“साल माज्या जन्माचंच हाय न्हवं?”

“हो.”

“मंग चुकलं न्हाई. बापाच्या आईला नवं नाव तोंडात बसत नसंल. दुसरी सून आनली, तिला बी तेच ठेवलं.”

“आणि पंचाहत्तर वर्षं तुला कुणी सांगितलं नाही?”

“मेलेलीचं नाव घरात कोन घेतंय? इचारलं की सावत्र आई उलथनं तापवायची. म्या बी कमी न्हवते. जात्यावर बसले की म्या रोज तिला म्हनायची, सरे, तुजं वाटुळं हुईल. सरे, मेल्यावर तुला पानी मिळनार न्हाई.”

“आजी, तुला कुठं ठाऊक होतं?”

“सरे, सरे. रोज.”

“आजी, बास आता. वंशावळीत लिहू ना नाव?”

“लिही. पन आदी माजं बोट ठिव त्याच्यावर. मला वाचता येत न्हाई.”